जेवण पोटातच थांबतं तेव्हा

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीच्या मंडळींनी मला "आरोग्यावर चार शब्द बोला" असं सांगितलं. मी काही व्याख्याती नव्हे. ३४ वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यात इंजेक्शन, सलाईन, पट्ट्या आणि रात्रपाळ्या एवढंच माझं भांडवल. आरोग्य म्हणजे फार मोठा विषय झाला. म्हणून मी आज एकाच आजाराविषयी बोलणार आहे. हा आजार माझ्या आईला झाला, आणि ३४ वर्षं दुसऱ्यांची सेवा केलेल्या मला तो घरात ओळखता आला नाही.

आईला मधुमेह होता. १४ वर्षं झाली होती, शेवटची ५ वर्षं इन्सुलिन चालू होतं. एका पावसाळ्यात तिचं जेवण कमी व्हायला लागलं. अर्धी भाकरी खाल्ली की ताट सरकवायची, म्हणायची, "झालं बाई माझं. पोटात दगड ठेवल्यागत वाटतंय." आम्ही म्हटलं, वय झालं. मग ढेकर, मळमळ, पोट फुगणं सुरू झालं. मी अॅसिडिटीची गोळी दिली. आपल्याकडं पोटाच्या सगळ्या तक्रारींवर एकच निदान असतं, "पित्त झालंय." मीही तेच केलं.

एके दिवशी सकाळी तिला उलटी झाली. रात्री मटकीची उसळ होती. उलटीत ती मटकी अख्खी, जशीच्या तशी. रात्री आठला खाल्लेलं सकाळी सातला तसंच पडलं. शेजारची एक बाई तिथं होती. ती हळूच म्हणाली, "ह्ये आजाराचं न्हाई. कुणीतरी खायाला घातलंय."

खायला घातलं म्हणजे काय, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, सांगायला नको. आणि घरात स्वयंपाक कोण करत होतं? माझी वैनी. तोंडावर तिला कुणी काही बोललं नाही, पण आई तिच्या हातचं पाणी घेईना झाली. माझ्या चुलत्यांनी आईला गुपचूप एका देवऋष्याकडं नेलं. त्यानं कसला तरी पाला वाटून पाजला, ओकारी काढली, आणि ओकारीत पडलेलं जुनं अन्न दाखवून म्हणाला, "बघा, निघालं का न्हाई?" ज्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, ज्या घरातल्या म्हाताऱ्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या घरातली ही गोष्ट आहे. वैनी दोन पोरं घेऊन माहेरी निघून गेली.

आता हा आजार काय होता ते सांगते. त्यासाठी आधी पोट काम कसं करतं ते बघायला पाहिजे.

आपण समजतो की जठर म्हणजे पिशवी. वर टाकलं की खाली घसरतं. तसं नाही. जठराचा वरचा भाग पिशवीसारखा सैल होऊन जेवण सामावून घेतो. खालचा भाग म्हणजे पाटा-वरवंटा. तिथं मिनिटाला साधारण ३ लाटा येतात आणि अन्न घुसळून, रगडून बारीक करतात. शेवटी एक दार आहे. ते दार मोठा तुकडा सोडत नाही, एक-दोन मिलिमीटरइतकं बारीक झालेलंच पुढं आतड्यात जाऊ देतं. पाणी, ताक लवकर उतरतं. घट्ट जेवण उतरायला साधारण ४ तास लागतात. तेलकट असेल तर आणखी जास्त.

हे माणसाला कळलं कसं, याची एक गोष्ट आहे. १८२२ साली अमेरिकेत मॅकिनॅक नावाच्या बेटावर अॅलेक्सिस सेंट मार्टिन या कॅनडातल्या गरीब मजुराला चुकून बंदुकीची गोळी लागली. विल्यम बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरानं त्याला वाचवलं, पण जठराला बाहेरून एक भोक राहून गेलं, ते बुजलंच नाही. डॉक्टरानं मग १८२५ पासून त्या भोकातून रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून आत सोडले आणि घड्याळ लावून ओढून बघितले. शिजवलेला भात तासाभरात विरघळला. भाजलेल्या डुकराच्या मांसाला पाच तासांच्या वर लागले. तो माणूस चिडला की पचन बिघडतं, हेही डॉक्टरानं लिहून ठेवलं. १८३३ साली त्याचं पुस्तक निघालं आणि पोटाच्या शास्त्राचा पाया पडला. डॉक्टराचं नाव मोठं झालं. मजूर मात्र डॉक्टराच्या घरी नोकर म्हणून राबला आणि पोट दाखवत फिरला. १८८० साली तो वारला तेव्हा घरच्यांनी मुद्दाम मढं कुजू दिलं आणि खोल खड्ड्यात पुरलं, का तर डॉक्टरांनी पुन्हा उकरून नेऊ नये म्हणून. विज्ञानाचं आपल्यावर उपकार आहेत हे खरंच, पण ते उपकार कुणाच्या अंगावर उभे राहिले हेही आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

असो. तर ह्या वरवंट्याला हलवतं कोण? एक नस आहे, व्हेगस तिचं नाव. मेंदूतून निघते, गळ्यातून, छातीतून उतरत पोटापर्यंत येते. लॅटिन भाषेत व्हेगस म्हणजे भटकणारी. ही नस आणि जठराच्या भिंतीतल्या ठेका धरणाऱ्या पेशी बिघडल्या की वरवंटा थंडावतो. वाटेत कुठं गाठ नाही, अडथळा नाही, तरी अन्न पुढं सरकत नाही. याला डॉक्टर लोक गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. आपल्या भाषेत जठराचा लकवा म्हणा, मंदावलेलं जठर म्हणा. मधुमेहातल्या या दुखण्याला हे नाव १९५८ साली कासँडर नावाच्या डॉक्टरानं दिलं.

मधुमेहानं नसा खराब होतात हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको. बाबासाहेबांना मधुमेह होता, रक्तदाब होता आणि पायांच्या नसांचं दुखणं होतं. घटनेचं काम चालू असताना पायांच्या वेदनांनी त्यांना रात्र रात्र झोप येत नसे. त्यांच्या पोटाविषयी मी काही म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की पायाच्या नसेचं आपल्याला माहीत आहे, पायाची आग झाली की आपण डॉक्टरांना सांगतो. पण तीच साखर पोटाच्या नसेलाही खाते, हे कुणी आपल्याला सांगितलेलं नसतं.

आणि आणखी एक सांगते, राग मानू नका. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. शारदा कबीर बाबासाहेबांच्या आयुष्यात आल्या, त्यांच्या माईसाहेब झाल्या. स्वतः डॉक्टर, पथ्यपाणी, इन्सुलिन सगळं त्या बघायच्या. ६ डिसेंबर १९५६ नंतर आपल्याच काही लोकांनी त्यांच्याकडं बोट दाखवलं. सरकारनं चौकशी केली, मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला. तरी कुजबुज थांबली नाही. २००३ साली माईसाहेब गेल्या तोवर तो सल त्यांच्याबरोबर होता. मोठ्या घरात जे झालं तेच आमच्या दोन खोल्यांच्या घरात माझ्या वैनीच्या बाबतीत झालं. दुखणं कळत नाही तेव्हा माणूस जेवण वाढणाऱ्या हाताकडं बघतो.

आता कारणं. मधुमेह हे मोठं कारण. विशेषतः १० वर्षांच्या वर झालेला आणि साखर ताब्यात नसलेला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. आपल्यात पुष्कळ जण म्हणतात, "मी वाळका माणूस, मला कुठली साखर?" पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, दिसायला बारीक, पण अंगात चरबीचं प्रमाण विलायतेतल्या बाळांच्या मानानं जास्त. तेव्हा बारीक माणसाला साखर होत नाही हा भ्रम काढून टाका.

पुष्कळ रोग्यांत कारण सापडतच नाही. काहींना ताप-जुलाबाच्या विषाणूनंतर सुरू होतं आणि काही महिन्यांत निवळतं. पोटाच्या किंवा छातीच्या ऑपरेशनमध्ये त्या नसेला धक्का लागला तर होतं. थायरॉईड मंदावल्यानं, कंपवातानंही होतं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतं.

औषधांचं मात्र जरा नीट ऐका, कारण हे आपल्या हातात आहे. पोटात कळ आली की आपण मेडिकलमधून कळ थांबवणारी गोळी आणतो. ती कळ थांबवते ती आतड्याची आणि जठराची हालचाल मंद करून. आधीच थंडावलेल्या पोटाला ती आणखी थंड करते. ट्रामाडॉलसारख्या जोरदार वेदनाशामक गोळ्या तशाच. पायाची आग कमी व्हायला दिली जाणारी अॅमिट्रिप्टिलीन, ती पण तशीच. आईला तीच गोळी रात्री चालू होती! अलीकडं वजन आणि साखर कमी करायची आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं आलीत, सेमाग्लुटाइड वगैरे. त्यांचं काम होण्यामागं जठर हळू रिकामं करणं हाही एक भाग आहे. म्हणून ती घेणाऱ्याला पोट भरल्यासारखं वाटतं. यातलं कुठलंही औषध माझं ऐकून बंद करू नका. पण पोटाची तक्रार घेऊन जाल तेव्हा सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. बिडी-सिगारेटनंही जठर मंदावतं.

लक्षणं मी आईच्या रूपात सांगितलीच. थोडक्यात पोट भरणं, जेवणानंतर तासन्‌तास जडपणा, मळमळ, फुगणं, वरच्या पोटात दुखणं, आणि कैक तासांपूर्वीचं अन्न उलटीत पडणं. वजन उतरतं. पण मधुमेही माणसात आणखी एक खूण आहे, आणि ती आम्हाला चुकवून गेली.

आईची साखर वेडीवाकडी व्हायला लागली होती. मी वहीत लिहायची. जेवायच्या आधी इन्सुलिन दिलं, ती जेवली, आणि तासा-दीड तासानं घामानं भिजली, हात थरथरायला लागले. मशीनवर साखर ४८. जेवलेल्या माणसाची ४८? आणि पहाटे बघावं तर ३४०. मी तिच्यावर ओरडले, "रात्री चोरून गूळ खातीस का?" ती रडली. "तुझी शपथ, न्हाई खाल्ला." मी विश्वास ठेवला नाही. डब्यातला गूळ मी मोजून ठेवायला लागले. माझ्या आईचा गूळ मी मोजला.

खरी गोष्ट अशी होती की इन्सुलिन वेळेवर रक्तात पोचत होतं आणि जेवण मात्र पोटातच बसून होतं. साखरेशिवाय इन्सुलिननं एकट्यानंच काम केलं, म्हणून साखर कोसळली. मग मध्यरात्री कधीतरी ते जेवण पुढं सरकलं, तेव्हा इन्सुलिन संपलेलं, म्हणून साखर चढली. आणि चढलेली साखर जठराला आणखी मंद करते. असं ते चक्र.

शेवटी एका फिजिशियन डॉक्टरांनी वही चाळली आणि एकच प्रश्न विचारला, "सकाळच्या उलटीत काय पडतं?" मी मटकीचं सांगितलं. त्यांनी १२ तास उपाशी ठेवून दुर्बिणीची तपासणी करायला लावली. जठरात अन्न तसंच होतं, पण व्रण नाही, गाठ नाही, दार अडलेलं नाही. ही दुर्बीण फार महत्त्वाची. जुना अल्सर भरून दार आकसलं किंवा कॅन्सरची गाठ असली तरी अशीच लक्षणं होतात, म्हणून ते आधी नाही ना, हे बघावंच लागतं. पक्क्या निदानाची तपासणी वेगळी असते. किरणोत्सारी पदार्थाचा अगदी थोडा अंश मिसळलेलं खाणं देतात आणि ४ तास यंत्रातून बघतात. ४ तासांनी दहा टक्क्यांपेक्षा जास्त अन्न जठरात उरलं तर जठर मंद आहे. ही सोय मोठ्या शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांत मिळते.

उपचारात पहिला नंबर जेवणाचा, आणि इथं गंमत आहे. मधुमेहाला आपण सांगतो कच्ची काकडी खा, मोड आलेलं खा, सालासकट खा, चोथा पोटात जाऊ द्या. या आजारात उलटं. चोथा आणि साल जठरात साचतात, कधी कधी त्याचा गोळा होतो. म्हणून मऊ भात, रव्याची पेज, वरणात कुस्करलेली भाकरी, साल काढून गाळ शिजवलेली भाजी, पातळ ताक. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. तेल-तूप कमी. मिसळीवरचा कट, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, तीनही बंद. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगणं म्हणजे शिक्षाच, पण इलाज नाही. दात नसतील तर कवळी करून घ्या, कारण जठर जे करत नाही ते तोंडानं करायचं आहे. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, दोन तास बसायचं किंवा हळूहळू चालायचं. मऊ भातानं साखर वाढते, म्हणून इन्सुलिनचा हिशेब डॉक्टरांकडूनच बदलून घ्यायचा. आईचं इन्सुलिन त्यांनी जेवणानंतर द्यायला सांगितलं, ते तिच्यापुरतं. तुम्ही घरी तसं करू नका.

तथागतांकडं कोसलचा राजा प्रसेनजित भरपेट जेवून धापा टाकत यायचा, आणि तथागतांच्या उपदेशानं त्यानं हळूहळू जेवण कमी केलं, ही गोष्ट आपण विहारात ऐकतो. ती अति खाणाऱ्याला लागू. पण अर्ध्या भाकरीत ज्याचं पोट भरतं त्याला "अति खाल्लंस" म्हणू नये. आणि वर्षावासात अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणाऱ्या आपल्या मावश्या-काकू आहेत, त्यांत ज्यांना इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या आहेत त्यांनी डॉक्टरांना आणि भन्तेजींना विचारल्याशिवाय ते करू नये. आजारी माणसासाठी तथागतांनी विनयातही सवलत दिलेली आहे.

औषधंही आहेत, जठराला चालना देणारी. पण ती मनानं महिनोन्‌महिने घ्यायची नव्हेत. मेटोक्लोप्रमाइड फार दिवस घेतलं तर तोंडाच्या, हातांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली मागं लागतात. डॉमपेरिडोननं काहींच्या हृदयाचे ठोके बिघडतात. फारच हट्टी आजारात दुर्बिणीतूनच जठराच्या दाराचा स्नायू कापून ते सैल करतात.

दोन गोष्टी लगेच दवाखान्यात जाण्याच्या. उलटीत रक्त, काळं शौच किंवा पाणीसुद्धा न टिकणं ही एक. आणि मधुमेही माणसाला एकाएकी मळमळ, घाम, छातीत किंवा वरच्या पोटात दाब आला तर ते पोट समजून सोडा-लिंबू पाजत बसू नका. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. साखर उतरली तर माणूस शुद्धीवर असेतोवर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा, बिस्किट नको, कारण घट्ट खाणं मंद पोटात अडतं. १५ मिनिटांनी परत तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, रिक्षा बोलवा.

आई पूर्ण बरी झाली नाही. नसा गेल्या त्या गेल्या. पण उलट्या थांबल्या, पायाची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली, साखर सरळ आली, वजन चार किलोनं भरलं. देवऋष्यानं काढलेलं "खायला घातलेलं" म्हणजे तिचं स्वतःचं आदल्या दिवशीचं जेवण होतं, हे तिला डॉक्टरांनी दुर्बिणीतला फोटो दाखवून समजावलं. त्या रात्री तिनं मला गुळाचा डबा आणून दिला. "मोज," म्हणाली. मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं वैनीच्या माहेरी गेलो. आईनं तिथं काय म्हटलं ते मी सांगत नाही, ते त्या दोघींचं आहे. वैनी परत आली. नंतरची चार वर्षं आईची पेज तिनंच केली आणि साखरेची वहीही तिनंच लिहिली, माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात. ती आज इथं तिसऱ्या ओळीत बसली आहे. तिला विचारूनच मी हे बोलले.

कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या खोलीत थांबणार आहे. ज्यांना मधुमेह आहे आणि जेवण अर्ध्यावर सुटतंय, त्यांनी गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन या. मी औषध देणार नाही, पण डॉक्टरांना काय सांगायचं ते कागदावर लिहून देईन. आणि आज खीरदान आहे. इन्सुलिनवाल्यांनी वाटी भरून घेऊ नये, दोन चमचे घ्यावी.

नमो बुद्धाय. जयभीम.